आधी गवत, मग रान

नगरपासून सुमारे 17 किलोमीटरवरच्या हिवरे बाजारची गोष्ट बहुधा पाण्याची म्हणून सांगितली जाते. मला ती आधी गवताची वाटते. वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावाचे डोंगर 1972 च्या दुष्काळानंतर वृक्षतोडीने आणि मोकाट चराईने उघडे पडले, माती वाहून गेली, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, तोवर शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री रुजवली होती. हिवऱ्याने ती उचलली. 1993 पासून सामाजिक वनीकरण विभागाची मदत आणि गावाचे श्रमदान यांतून सुमारे 70 हेक्टर ओसाड रानात समतल चर खोदले गेले.

बंदी तर 1878 च्या वन कायद्यापासून आहेच. पहारा आणि दंड यांच्या जोरावर रान राखता आले असते, तर नगरचे डोंगर बोडके झालेच नसते. हिवऱ्यात बंदीला जोड मिळाली ती हक्काची: गुरे डोंगरावर सोडायची नाहीत, पण विळ्याने गवत कापून न्यायचे. खुरांखाली तुडवले जाणारे गवत बी धरेपर्यंत उभे राहू लागले, मुळांनी माती धरली, आणि त्या आडोशाला झाडे वाढायला अवधी मिळाला. झाडाचा लाभ दिसायला दशक लागते. गवताचा दोन-तीन पावसाळ्यांत दिसतो. गोठ्यात चारा आला, दूध वाढले. 1990 च्या दशकाच्या मध्याला दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले गावाचे दूध पुढच्या दहा-बारा वर्षांत हजारो लिटरवर गेले. रान राखण्यात आपलाही फायदा आहे, हे घरोघरी दिसू लागल्यावर राखणदारांची वाण उरली नाही.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला बसतो. कापलेले गवत दुभत्या जनावरांच्या मालकाच्या कामाचे. हे नाकारून चालणार नाही. मृद्‌संधारणाच्या कामांवर रोजगार हमीची मजुरी मिळाली, पुढे शेतीत काम वाढले, पण ती भरपाई उशिरा आली आणि नुकसान पहिल्याच दिवशी झाले. दुसरा आक्षेप, हे सारे एका कर्तबगार सरपंचामुळे घडले, हा मला अपुरा वाटतो. पुढारी वाट दाखवतो; पण सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, पाऊस मोजून पिके ठरवायची, असे खिशाला चाट लावणारे निर्णय ग्रामसभेत घेऊन वर्षानुवर्षे पाळणे एकट्याच्या हातचे नव्हे. ते पाळणारे गाव आधी डोंगरावरच्या गवताच्या वाटपात घडले होते.