चुन्यातला गूळ

थंडी पडू लागली की यवतमाळात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागत. बोरी अरबहून आम्ही यष्टीनं जायचो. आजी भाव करी आणि आबा त्या बायांना त्यांच्या मुलखातल्या घरादाराचं विचारत बसत. आबांचे वडील गवंडी, त्यामुळे भिंतीचा विषय निघाला की यांचा पाय निघत नसे.

घरी आल्यावर सांगत, “अबे, त्यांच्यातबी धाब्याचीच घरं असतात, मातीच्या भिंतीची.” आबांच्या बोलण्यात तिखटमीठ असायचंच, म्हणून आम्ही पोट्टे हसायचो. पण ते खरं निघालं. तिकडे पाऊस कमी, म्हणून मातीचं सपाट छत टिकतं. भिंत बुडाशी रुंद, वर निमुळती. मठाच्या माथ्याशी झुडपांच्या काड्यांच्या जुड्या रचून तांबड्या रंगवतात, म्हणजे वरचा भार हलका होतो. छत चोपणारे रांगेत उभे राहून गात गात ठोके देतात.

१९५९ साली दलाई लामा भारतात आले, मागोमाग हजारो माणसं आली. १९७२ साली गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग वसाहत झाली. तेव्हा तो भंडारा जिल्हा, आता गोंदिया. तिकडे तिबेटात चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत मठ पाडले गेले, कारागीर पांगले. धरमशाळेजवळच्या नोर्बुलिंगका संस्थेत १९८८ पासून थांका चित्रं, लाकडावरचं कोरीवकाम शिकवतात, म्हणून तेवढं तरी हातात राहिलं.

आबा थकल्यावर त्यांना गोठणगावला नेलं. तिथल्या गोम्पातली, म्हणजे मठातली, रंगीत नक्षी त्यांनी डोळे भरून पाहिली, मग भिंतीवर टिचकी मारून म्हणाले, “सिमिटाची हाये.” तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांशी मोडक्या हिंदीत गप्पा रंगल्या. ल्हासाच्या पोताला राजवाड्याला दरवर्षी, साधारण आपल्या दिवाळीच्या सुमारास, सफेदी होते आणि त्या चुन्यात दूध, मध, साखर घालतात, असं बाबा म्हणाले. आबा खुर्चीतून अर्धे उठले. “आमचा बुढा चुन्यात गूळ अन् हिरडा घाले!” मग दोघं मीठ घातलेला लोण्याचा चहा प्यायले. आबांना तो बिलकूल आवडला नाही, तरी दुसरा कप मागून घेतला.

पुढं आमचं धाबं पाडून स्लॅब टाकला. गूळ किती घालायचा, हे मी आबांना विचारलं होतं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचे वडील चुना बोटांत चोळून ठरवत.