पामर कंपनीची वरात

सप्टेंबर २०२३मध्ये अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले आणि त्याच्याबरोबर ‘निजामकालीन नोंदी’ हे शब्दही घरोघरी पोचले. एरवी मराठवाड्याबाहेरचा मराठी माणूस निजामकाळाकडे रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८ या दोनच खिडक्यांतून बघतो. त्याआधीच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत इथल्या शेतसाऱ्याचे पैसे कुठे जात होते, याचीही दप्तरे आहेत. त्यांतले एक जाडजूड दप्तर १८२४ साली लंडनमध्ये छापले गेले. निजामाच्या राज्यात परक्यांनी काढलेल्या एका खाजगी कंपनीच्या व्यवहारांचे ते कागद आहेत. कंपनीचे नाव विल्यम पामर आणि कंपनी.

मराठीत पामर म्हणजे दीनवाणा, क्षुद्र जीव. हा पामर तसा नव्हता. १७८० साली लखनौला जन्मलेल्या विल्यमचे वडील जनरल पामर हे ईस्ट इंडिया कंपनीचे बडे अधिकारी. पुण्याच्या दरबारातही ते काही वर्षे रेसिडेंट होते. आई फैज बख्श बेगम. दोन्ही घरे मातब्बर, पण ईस्ट इंडिया कंपनीने १७९१पासून असा नियम केला होता की ज्याची आई किंवा बाप हिंदी, त्याला कंपनीच्या मुलकी किंवा लष्करी नोकरीत घ्यायचे नाही. त्यामुळे विल्यम निजामाच्या फौजेत शिरला, तिथे अनेक वर्षे राहिला, दरबारातली माणसे आणि त्यांच्या अडचणी त्याने जवळून पाहिल्या. मग नोकरी सोडून पेढी काढली.

१८१४मध्ये या पेढीची रीतसर माहिती रेसिडेंट हेन्री रसेल यांच्यामार्फत कलकत्त्याला गेली तेव्हा त्यात गोदावरीकाठच्या जंगलातले इमारती लाकूड, जहाजबांधणी, नदीतून वाहतूक असे मनसुबे होते. परदेशात धंदा काढणारा माणूस सरकारदरबारी असेच लिहितो. खरा नफा लाकडात नव्हता. तो निजाम सरकारला कर्ज देण्यात होता आणि तिथे १७९७चा ब्रिटिश पार्लमेंटचा एक कायदा आडवा येत होता. देशी राजांना कोणाही ब्रिटिश प्रजाजनाने गव्हर्नर जनरलच्या मंजुरीवाचून कर्ज देऊ नये, असे त्यात कलम होते. अर्काटच्या नवाबाला कर्जे देऊन मद्रासच्या गोऱ्यांनी घातलेला गोंधळ तेव्हा सगळ्यांच्या स्मरणात होता. पामरच्या भागीदारांत इंग्रज होते, म्हणून परवाना हवा. १८१६मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी तो दिला. त्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या होत्या: सरकारला वाटेल तेव्हा परवाना रद्द करता येईल, आणि रेसिडेंटला व्यवहार तपासता येतील.

परवान्याच्या आगेमागेच एक नवा भागीदार आला होता, सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको हेस्टिंग्ज यांच्या घरात त्यांच्या पालकत्वाखाली वाढलेली. रम्बोल्डला पेढीचे काम किती येत होते हा प्रश्न गौण होता. हैदराबादेत सगळ्यांना एवढे कळले की या पेढीचा हात कलकत्त्याच्या सरकारी वाड्यापर्यंत पोचतो. भागीदारांत रेसिडेन्सीचा डॉक्टर होता आणि बेंकटी दास हा गुजराती सावकारही होता. खुद्द रसेल यांचाच आत छुपा वाटा आहे असा आरोप पुढे झाला. इंग्रज अधिकारी आपली शिल्लक या पेढीत बारा टक्क्यांच्या आसपास व्याजाने ठेवत, पेढी तोच पैसा निजाम सरकारला चोवीस-पंचवीस टक्क्यांनी देई.

इथे गोष्ट मराठवाड्यात येते. निजामाचा कारभार तेव्हा राजा चंदुलाल पाहत. इंग्रजांच्या आग्रहाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभ्या केलेल्या घोडदळाचा पगार वेळेवर द्यायचा, पण तिजोरीत रोकड नाही. पामर कंपनीने औरंगाबादेत पेढी उघडली आणि फौजेचा पगार दरमहा आपण उचलून द्यायचे कबूल केले. बदल्यात तिला परगण्यांच्या वसुलावर हक्क मिळाला. आपल्या जुन्या दप्तरांत याला ‘वरात’ म्हणतात: अमुक महालाच्या साऱ्यातून अमुक माणसाला इतकी रक्कम द्यावी, असा हुकूम. वरात घेऊन सावकाराचा माणूस आला की तालुकदार देशमुखाकडे, देशमुख पाटील-कुलकर्ण्यांकडे बोट दाखवणार. दुष्काळ असो की पेंढारी येऊन गेलेले असोत, वरातीवरची रक्कम बदलत नाही. चंदुलाल तालुके मक्त्याने देत, आणि मक्तेदाराला ठाऊक असे की पुढच्या साली आपल्याहून जास्त बोली लावणारा येईल. म्हणून मिळेल ते याच साली काढायचे.

अंबड परगणा या फेऱ्यात उशिरा आला. तो होळकरांचा होता. १८१८च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी अंबड आणि वेरूळ इंग्रजांना दिले, आणि १८२२च्या तहाच्या अदलाबदलीत ते निजामाकडे गेले. म्हणजे अंबडकर निजामाची रयत झाले ते नेमके दौलत कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली असताना.

१८२०मध्ये कंपनीने आणखी मोठी उडी घेतली. साठ लाखांचे नवे कर्ज, अठरा टक्क्यांनी. त्यातून जुनी देणी फेडायची, शेतकऱ्यांना तगाई द्यायची, असे कागदावर होते. कलकत्त्याच्या कौन्सिलात मते फाटली आणि हेस्टिंग्ज यांनी आपले वजन टाकून मंजुरी दिली. त्याच वर्षाअखेर चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला. त्याने जमाखर्च मागवले तेव्हा दिसले की साठ लाखांतले आठ लाख हा भागीदारांनी आधीच कापून घेतलेला बोनस आहे, आणि बाकीचा बराचसा भाग जुन्याच कर्जाची नव्या वहीत केलेली खतावणी.

मेटकाफला रयतेचा कळवळा होता असे म्हणतात. थोडा असेलही, त्याने साऱ्याच्या बंदोबस्तावर इंग्रज अधिकारी नेमले आणि काही गावे पुन्हा वसली. पण त्याला सलत होते ते वेगळेच. रेसिडेंटखेरीज दुसरी एक गोरी सत्ता हैदराबादेत उभी राहिली होती आणि चंदुलाल तिच्या दारात जास्त वेळ बसत होते. १८२३च्या आरंभी हेस्टिंग्ज विलायतेला गेले आणि परवान्याचे छत्र उडाले. पामरशी नवे व्यवहार बंद झाले. सरकारची मर्जी गेल्याचे कळल्यावर ठेवीदार कशाला थांबतील? १८२४मध्ये पेढी बुडाली.

आता फेड कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. उत्तर सरकार हा समुद्रकाठचा प्रांत इंग्रजांनी निजामाकडून घेतला होता आणि त्याबद्दल दरसाल सात लाख रुपये पेशकश कायमची देणे लागत होते. १८२३मध्ये इंग्रजांनी ती पेशकश एकरकमी विकत घेतली, १,१६,६६,६६६ रुपयांना. सहा टक्क्यांचा साधा हिशेब: एवढ्या मुदलावर सात लाख व्याज होते. त्या रकमेतून पामरचे देणे भागले. निजामाने आपले कायमचे उत्पन्न विकून सावकार फेडला, आणि ईस्ट इंडिया कंपनी सात लाखांच्या वार्षिक देण्यातून कायमची सुटली. या सगळ्या घोटाळ्यात निव्वळ फायदा झालेला एकच पक्ष मला दिसतो, आणि तो तपास करणारा होता.

लंडनला भागधारकांच्या सभेत १८२५मध्ये यावर कित्येक दिवस खल झाला. भांडण हेस्टिंग्ज यांच्या अब्रूचे होते आणि व्याजाचा दर कायदेशीर होता की नाही याचे होते. वरात ज्यांच्या गावावर काढली, त्यांचा त्या वादात पक्षच नव्हता.

या कंपनीशेजारी ठेवून पाहावी अशी आणखी एक पेढी आहे. तारापूरचे पारशी बंधू पेस्तनजी आणि विकाजी मेहेरजी हेही निजामाच्या मुलखात परकेच. त्यांनी वऱ्हाडातला कापूस मुंबईला नेला, खामगावला कापूस दाबण्याचे यंत्र बसवले, निजाम सरकारला तीच कर्जे दिली आणि तसेच तालुके तारण घेतले. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया पडत असे. १८४५मध्ये निजाम सरकारने तालुके परत घेतले, कर्ज तसेच राहिले. बंधूंनी इंग्रजांकडे दाद मागितली. हा तुमचा आणि निजामाचा खाजगी व्यवहार, असे म्हणून इंग्रजांनी हात वर केले. पेढी बसली. विल्यम पामर मात्र हैदराबादेतच राहिला, आणि १८६७पर्यंत जगला.