गिरण्यांतील अपघात आणि आमची दृष्टि

देवीची साथ आली कीं तो मातेचा कोप, आणि गिरणीच्या पट्ट्यांत हात सांपडला कीं तें कपाळींचें लिहिलें, अशी आमची दीर्घकाळची समजूत. पहिली समजूत लस टोंचण्याच्या प्रसाराबरोबर मागें पडली. दुसरी अद्यापि आम्हांस पुरती सोडवत नाहीं. अपघातासही रोगाप्रमाणें कारणें असतात व तीं दूर करतां येतात, असें आजचें सार्वजनिक आरोग्यशास्त्र सांगतें. मुंबईच्या गिरण्यांत हा विचार प्रथम कोणीं ओळखला, हें पाहणें उद्बोधक होईल.

कावसजी दावर यांनीं 1854 सालीं स्थापन केलेली कापडगिरणी 1856 सालीं सुरू झाली, आणि दोन दशकांत शहरांत धुरांड्यांची रांग उभी राहिली. वाफेच्या यंत्राची गति छतालगतच्या दांड्यांवरून चामड्याच्या पट्ट्यांनीं खालच्या यंत्रांपर्यंत येई. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. कामकऱ्यांत लहान मुलेंही. अशा ठिकाणीं थकलेल्या माणसाचा सोगा उघड्या पट्ट्यांत गुंतण्यास दैवाच्या साहाय्याची गरज नव्हती.

1875 सालीं सरकारनें चौकशीमंडळ नेमलें. 1878 सालीं सोराबजी शापूरजी बंगाली यांनीं कायद्याचा मसुदा तयार केला, आणि 1881 सालीं पहिला कारखाने-कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या यांत्रिक कारखान्यांसच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांस त्यानें मज्जाव केला, धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कठडा घालण्याची तरतूद केली व अपघाताची वर्दी देणें बंधनकारक केलें. शेवटच्या दोन गोष्टी दिसावयास क्षुल्लक आहेत; परंतु ज्या दुखापतीची नोंद होत नाहीं तिचें कारण कोणी शोधीत नाहीं, आणि कठडा ही तर दुखापतीची लसच होय.

या कायद्यामागें मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता, हें खरें. मुंबईची स्पर्धा त्यांस जाचूं लागली होती. म्हणून अनेक देशी पत्रांनीं कायद्यास विरोध केला. त्यांचा संशय रास्त होता. तथापि मँचेस्टरचा हेतु मलिन असल्यानें मुंबईचा कठडा अनावश्यक ठरत नव्हता, एवढें तारतम्य आम्हां सुशिक्षितांस राहिलें नाहीं.

तें तारतम्य कामकऱ्यांपाशीं होतें. सप्टेंबर 1884 मध्यें 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं त्यांच्या सभा भरविल्या, व सुमारें 5,500 सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यांत आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा पंगु झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. या मागणींतला हिशेब चोख होता. जखमेचा खर्च जोंवर कामकऱ्याच्या चुलीवर पडतो, तोंवर मालकास उघडा पट्टा स्वस्त पडतो. तोच खर्च गिरणीच्या वहींत चढला, कीं कठडा स्वस्त ठरतो.

रविवारची सुटी 1890 सालीं मिळाली. भरपाईचा कायदा मात्र 1923 सालीं झाला व जुलै 1924 पासून अमलांत आला. अर्जानंतर चाळीस वर्षें लोटलीं होतीं. लोखंडे तर 1897 सालींच निवर्तले होते. त्या कायद्याच्या तक्त्यांत अंगठा गेल्यास मिळकतीची शक्ति शेंकडा 25 नें, तर्जनी गेल्यास शेंकडा 10 नें घटते असें धरलें होतें. तक्ता निष्ठुर वाटतो. पण ज्या अंगठ्यास मालकाच्या वहींत पूर्वीं कांहींच किंमत नव्हती, त्यास ती प्रथमच आली.

पुढें 1948 सालीं स्वतंत्र भारताचा विस्तृत कारखाने-कायदा झाला. तरीही लोखंड्यांच्या अर्जानंतर शंभर वर्षांनीं, डिसेंबर 1984 मध्यें, भोपाळ येथें कारखान्याच्या विषारी वायूनें भोंवतालच्या वस्तींतील हजारों माणसें मेलीं. त्यानंतर 1987 सालीं धोक्याच्या प्रक्रियांविषयीं नवें प्रकरण कायद्यांत घालण्यांत आलें. कठडा पुन्हां एकदां अपघातानंतरच आला.

आजही परांचीवरून मजूर पडला, कीं आम्ही त्याच्या नशिबाविषयीं हळहळतों आणि परांचीविषयीं विचारीत नाहीं. 1884 च्या अर्जदारांपैकीं बहुतेकांस लिहितांवाचतां येत नसेल. परंतु जखमी माणसाचा हिशेब कोणाकडे मागावयाचा, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.