डोक्यावरच्या ओझ्यापासून हातातल्या नेत्रापर्यंत

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात नजरेवर पोट अवलंबून असते. लोको पायलटच्या भरतीत चष्म्याविना ६/६ दिसावे लागते. तेवढ्यावरून परतलेली मुले इथे गल्लोगल्ली भेटतात. म्हणूनच माणसाची दृष्टी वाढवणाऱ्या यंत्रांचा इतिहास चाळताना, आपल्याच लोहमार्गावरच्या नाशिकचे रमेश रासकर मला थांबवून गेले.

या इतिहासाची सुरुवात ओझ्याने झाली. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी दाखवलेला डोक्यावरचा पडदा छताला टांगावा लागे. पुढे स्टीव्ह मान अंगावर संगणक बांधून हिंडू लागले. पुण्यात अभियांत्रिकी शिकून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेलेल्या रासकरांनी १९९८ मध्ये ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स यांच्यासह उलटी वाट धरली. चित्र डोळ्यांपुढे बांधायचे कशाला? ते प्रोजेक्टरने थेट वस्तूवरच पाडावे. पुढे त्यांनी ताजमहालाची पांढरी प्रतिकृती अशीच नुसत्या प्रकाशाने रंगवली.

२००७ च्या प्रयोगाचे नावच 'प्रकाश'. कपड्यांवर प्रकाश ओळखणारे इवलेसे संवेदक लावायचे. समोरच्या दिव्यांच्या सांकेतिक उघडझापीवरून प्रत्येक संवेदक आपली जागा स्वतःच ओळखतो. अंगावर यंत्र आले, पण टिकलीएवढे.

२००८ मध्ये ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले. प्रकाशाचा प्रवास टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांचे नाव जगभर झाले. मला मात्र २०१० मधले 'नेत्र' मोठे वाटते. मोबाइलच्या पडद्यावर एक स्वस्त भिंगजोड बसवायची, डोळा तिला लावायचा आणि दिसणाऱ्या दोन रेषा एकमेकींवर येईपर्यंत बटणे दाबायची. रेषा किती सरकवाव्या लागल्या, त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. नेत्रतज्ज्ञाकडच्या महागड्या यंत्राचे तत्त्व इथे उलटे फिरवले आहे: डोळ्यातून परतणारा किरण मोजण्याऐवजी माणसालाच विचारायचे.

अडचणही तिथेच आहे. लहान मूल नीट उत्तर देईलच असे नाही. मोतीबिंदूसाठी त्यांच्याच गटाला 'कॅट्रा' ही वेगळी जोड करावी लागली. शिवाय नंबर कळला तरी काच घासून देणारा लागतोच.

२०१५ च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने रासकरांनी नाशिकमध्ये विद्यार्थी आणि संशोधकांची शिबिरे भरवली, गावचे प्रश्न गावातच सोडवायला. भुसावळचा प्रश्न साधा आहे: भरतीच्या रांगेत कळणारा नंबर आठवीतच कळावा.