सवय नव्हे, इतिहास

"कातकऱ्यांना शिक्षणाची आवड नाही. एका जागी राहायची त्यांना सवयच नाही." मावळात काम करणाऱ्याला हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. समाजकार्याची विद्यार्थिनी म्हणून मी इथल्या एका कातकरी वाडीवर जाते, तेव्हा मलाही ते ऐकवले गेले. पण ज्याला आपण त्यांची सवय म्हणतो, तो खरे तर त्यांचा इतिहास आहे.

कातकरी हे नाव कातावरून पडले. खैर तोडायचा, गाभ्याचे तुकडे उकळायचे, रस आटवून कात पाडायचा, हा त्यांचा धंदा. माझ्या नानीच्या पानदानात चुन्याशेजारी असायचा तो हाच कात. 1878 च्या वन कायद्याने जंगले राखीव होत गेली आणि पिढ्यान्पिढ्या खैर तोडणारा माणूस कायद्याच्या नजरेत चोर ठरला. मग तो ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर मजूर झाला. शहरांतल्या चुली त्या कोळशावर पेटल्या. घरोघरी गॅस आला, जंगलतोडीवर बंधने आली, तेव्हा वीटभट्टी उरली.

आजही दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. निघण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीचा हिशेब मालकाच्याच वहीत राहिला. आईबापांबरोबर पोरही जाते. शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते आणि आपण म्हणतो, यांना आवड नाही.

मुसलमान म्हणून ही भाषा माझ्या ओळखीची आहे. "तुमच्यात मुलांना मदरशातच घालतात ना?" हा प्रश्न मला शिकलेल्या माणसांनी विचारला आहे. सच्चर समितीने 2006 साली सांगितले की, शाळेच्या वयाची जेमतेम 3 टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात. आकडा आला, समज मात्र गेला नाही. तरीही, मला असे प्रश्न विचारले गेले म्हणून कातकऱ्यांचे दुःख मला आपोआप कळते, असे मी समजू नये. माझ्या पायाखालची जमीन कुणी अशी काढून घेतलेली नाही.

मेलानी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी 1998 साली 'सांस्कृतिक विनम्रता' ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकून झाली, आता मी जाणकार, असे कधी होत नाही. स्वतःला आयुष्यभर तपासावे लागते, आणि आपल्या हातातल्या अधिकाराकडेही पाहावे लागते. हा अधिकार लहान नाही. अहवालात मी 'पालक उदासीन' लिहिले, तर दोष घरावर जातो. 'कुटुंब उचलीमुळे नोव्हेंबर ते मे भट्टीवर' असे लिहिले, तर हंगामी वसतिगृहाची मागणी करता येते आणि मालकाला हिशेब विचारता येतो.

म्हणून वाडीवर गेल्यावर "मुलगा शाळेत का येत नाही?" हा माझा पहिला प्रश्न नसतो. मी विचारते, "यंदा उचल किती घेतली?" मग उत्तर बाईच देते. माझे काम ते तिच्याच शब्दांत उतरवून घेण्याचे आहे.