न्हाणीघराची वाफ

कोकणातल्या आमच्या जुन्या घरात न्हाणीघर मागच्या पडवीला टेकून होतं. चुलीवर तांब्याचा हंडा, खाली दगडी फरशी, सांडपाणी थेट माडाच्या आळ्यात. वाफ कोंडणार कुठे? नळ्याच्या कौलांच्या फटींतून निघून जायची. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा. चुना ओल घेतो तशी सोडतोही, शिवाय त्याच्या क्षारपणामुळे बुरशी सहसा धरत नाही. गणपतीआधी आजी कुंच्याने चुन्याचा एक हात मारायचीच.

१८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आमच्या आळीत ते फार उशिरा आलं, पण आलं ते भिंतींचं नाक दाबतच. वर स्लॅब, झरोका बुजवलेला, कोपऱ्यात काळे डाग. जांभ्याचं घर दुरुस्त करणाऱ्यांनो, आधी झरोका उघडा. रंगाचं नंतर बघा.