झेन आर्केड : हस्कर डू बँडचा अल्बम

‘झेन आर्केड’ हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ‘हस्कर डू’ या हार्डकोर पंक बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम. तो जुलै १९८४ मध्ये एसएसटी रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. बॉब मोल्ड (गिटार), ग्रँट हार्ट (ड्रम) आणि ग्रेग नॉर्टन (बेस) या तिघांचा हा बँड. बहुतेक गाणी मोल्ड आणि हार्ट लिहीत व गात.

हार्डकोर म्हणजे पंकचे अधिक वेगवान, अधिक कर्कश रूप. गाणे दीड-दोन मिनिटांचे, गायन जवळपास ओरडून. हस्कर डू त्यातही वेगवान. १९८२ च्या ‘लँड स्पीड रेकॉर्ड’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात २६ मिनिटांत १७ गाणी आहेत. अशा श्रोतृवर्गासमोर सुरेल चाल आणणे धोक्याचे होते. चाल, अकूस्टिक गिटार, लांबलचक वादन या सगळ्या जुन्या रॉकच्या खुणा, आणि हार्डकोरचा जन्मच त्या रॉकला नकार देण्यातून झालेला.

‘झेन आर्केड’मध्ये या तिन्ही गोष्टी आहेत. घर सोडून गेलेल्या आणि बाहेरचे जगही तितकेच कठोर निघालेल्या एका मुलाची कथा २३ गाण्यांतून, दोन तबकड्यांवर येते. ‘नेव्हर टॉकिंग टू यू अगेन’ला साथ केवळ अकूस्टिक गिटारची आहे; शेवटचे ‘रिओकरिंग ड्रीम्स’ म्हणजे सुमारे १४ मिनिटांचे निव्वळ वादन. (यादीत ‘हरे कृष्णा’ही आहे, पण भजनाच्या अपेक्षेने ऐकणाऱ्याची फसगत होईल.) तरीही खरा बदल हार्टच्या ‘पिंक टर्न्स टू ब्लू’सारख्या गाण्यांत जाणवतो. गिटारचा गोंगाट तसाच राहतो, पण त्याखाली साठच्या दशकातील पॉपसारखी, गुणगुणता येईल अशी चाल वाहत असते.

हे सारे कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीच येथे, ऑक्टोबर १९८३ मध्ये, स्पॉट या निर्मात्याबरोबर सुमारे ८५ तासांत ध्वनिमुद्रण व मिक्सिंगसह पूर्ण झाले. खर्च सुमारे ३,२०० डॉलर. जवळजवळ सर्व गाणी पहिल्याच प्रयत्नात घेतलेली असल्याने काही ठिकाणी आवाज ओबडधोबड वाटतो, आणि तो तसाच शोभतो.

कंपनीला मात्र विक्रीची खात्री नव्हती. तिने साडेतीन ते पाच हजार प्रतीच काढल्या. त्या लगेच संपल्या आणि मागणी असूनही अल्बम दुकानांत मिळेना.

हस्कर डू १९८८ मध्ये फुटला. त्याआधीच, १९८६ मध्ये, बोस्टनच्या ‘पिक्सीज’ बँडने बेसवादक हवा म्हणून जाहिरात दिली होती. अट एकच : हस्कर डू आणि ‘पीटर, पॉल अँड मेरी’ हे लोकगीत गाणारे त्रिकूट, दोन्ही आवडायला हवेत.